तापप्रिय जीवाणूंचे रंग आणि प्रतिजैविकांचा शोध

राजापेठेतील कोणत्याही औषधाच्या दुकानात प्रतिजैविकाच्या गोळ्या घेतल्या, तर त्यांच्या पाकिटावर बहुधा एक तांबडी उभी रेघ आढळते. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये, अशी ती सूचना आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये या रेघेबाबत जनजागृती मोहीम हाती घेतली, कारण रोगजंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषधरोधी जीवाणूंमुळे झाले. ज्या मृत्यूंशी अशा संसर्गाचा काही ना काही संबंध होता, त्यांची संख्या ४९ लाखांहून अधिक होती. अशा वेळी नवीन प्रतिजैविके कोठे शोधावीत, हा प्रश्न जगभरच्या प्रयोगशाळांपुढे उभा आहे.

या शोधाची एक वाट उष्ण पाण्याच्या झऱ्यांकडे आणि तापलेल्या खताच्या ढिगाऱ्यांकडे जाते. तेथे राहणारे काही जीवाणू पिवळी, नारिंगी, तांबडी रंगद्रव्ये तयार करतात आणि त्यांपैकी काहींमध्ये इतर सूक्ष्मजीवांची वाढ रोखण्याची क्षमता आढळते. मोठे साधनसाहित्य नसलेल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही या विषयाची सुरुवात करता येते. त्यामुळे विदर्भासारख्या भागातील विद्यार्थ्यांनाही तो जवळचा वाटण्याजोगा आहे. मात्र या रंगांविषयी बोलताना आशा आणि सिद्ध झालेले ज्ञान यांतील अंतर स्पष्ट ठेवणे आवश्यक आहे. ते अंतर नेमके किती, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

तापप्रिय म्हणजे कोण?

आपल्या शरीरात व परिसरात आढळणारे बहुसंख्य जीवाणू २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतात. ज्यांची वाढ साधारण ४५ अंशांच्या पुढे, म्हणजे ५५, ६० किंवा ७० अंशांना उत्तम होते, त्यांना तापप्रिय म्हणतात. ८० अंशांच्या पुढे सुखाने राहणारे अतितापप्रिय ठरतात. ज्या तापमानाला अंड्याचा बलक घट्ट होतो, त्या तापमानाला या जीवांची प्रथिने शाबूत राहून काम करीत असतात.

फार उष्ण पाण्यात जीवसृष्टी नांदू शकत नाही, असा समज दीर्घकाळ होता. तो दूर करण्यात अमेरिकी शास्त्रज्ञ थॉमस ब्रॉक यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी व त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी १९६६ मध्ये अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उष्ण झऱ्यातून एक पिवळसर जीवाणू वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचे वर्णन ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या नावाने प्रसिद्ध केले. याच जीवाणूतील उष्णतासह विकराच्या बळावर पॉलिमरेज शृंखला अभिक्रिया, म्हणजेच पीसीआर तंत्र, व्यवहारात सुकर झाले. या तंत्राबद्दल कॅरी मलिस यांना १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या साथीत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द घरोघरी पोहोचला, त्या चाचणीची मुळे अशी एका उष्ण झऱ्यापर्यंत जातात. विकराच्या या कीर्तीत त्या जीवाणूचा पिवळा रंग मात्र काहीसा दुर्लक्षित राहिला.

रंग कशासाठी?

जीवाणू शोभेसाठी रंग तयार करीत नाहीत. रंगद्रव्य बनविण्यात ऊर्जा व कच्चा माल खर्च होतो, म्हणजे त्याचा काही उपयोग असलाच पाहिजे. थर्मस गणातील जीवाणूंचा पिवळा रंग कॅरोटिनॉइड वर्गातील द्रव्यांचा असतो. गाजर, टोमॅटो, पपई यांना रंग देणारी द्रव्येही याच वर्गातील. जपानमधील उष्ण झऱ्यातून मिळालेल्या आणि १९७४ मध्ये वर्णन झालेल्या ‘थर्मस थर्मोफिलस’ या जीवाणूत ‘थर्मोझिअ‍ॅझँथिन’ नावाची विशेष द्रव्ये सापडली. मक्यातील पिवळ्या झिअ‍ॅझँथिनला शर्करा व मेदाम्ल जोडले जाऊन ती तयार होतात. हा लांबट रेणू पेशीच्या पातळ आवरणात आरपार टाका घातल्यासारखा बसतो. उष्णतेने आवरण सैल होऊ लागले, की हा टाका त्याला आवळून धरतो.

रंगद्रव्यांचे दुसरे काम संरक्षणाचे असते. तीव्र सूर्यप्रकाश आणि प्राणवायूपासून तयार होणारे घातक घटक पेशीची हानी करतात. कॅरोटिनॉइड द्रव्ये ते घटक निष्प्रभ करतात. जपानमधील मिसासा येथील किरणोत्सारी उष्ण झऱ्यातून १९७३ मध्ये वर्णन झालेला, आज ‘रुब्रोबॅक्टर रेडिओटॉलरन्स’ या नावाने ओळखला जाणारा तांबडा जीवाणू तीव्र किरणोत्सर्ग सहन करतो. त्याच्या तांबड्या रंगाचाही या सहनशक्तीत वाटा असल्याचे मानले जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. रंगद्रव्य जसे इतर सूक्ष्मजीवांविरुद्ध शस्त्र असू शकते, तसे ते स्वतःसाठी ढालही असू शकते. गळवे व जखमांचे संसर्ग करणाऱ्या ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ या रोगजंतूच्या नावातच सोन्याचा उल्लेख आहे. त्याचा सोनेरी रंगही कॅरोटिनॉइडचाच आहे. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींच्या माऱ्यापासून हा रंग त्या जंतूचे रक्षण करतो, असे अमेरिकी संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले. म्हणजे रंग दिसला की तो जंतुनाशक असणारच, असे गृहीत धरणे चूक आहे.

रंग आणि औषध यांचे जुने नाते

तरीही रंग आणि औषधे यांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे, हे खरे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन हा तरुण हिवतापावरील क्विनाइन कृत्रिमरीत्या बनवू पाहत होता. क्विनाइन बनले नाही, पण जांभळा रंग हाती आला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग जन्मास आला. पुढे जर्मनीत पॉल अर्लिक यांनी पाहिले, की काही रंग सूक्ष्मजीवांच्या पेशींना चिकटतात, परंतु भोवतालच्या पेशींना तितके चिकटत नाहीत. त्यातून रोगजंतूला नेमके टिपणाऱ्या औषधाची कल्पना आकारास आली. १९३५ मध्ये गेरहार्ड डोमाक यांनी ‘प्रोंटोसिल’ या तांबड्या रंगाचा जंतुसंसर्गावरील उपयोग प्रसिद्ध केला आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले.

प्रोंटोसिलची कथा येथे विशेष उपयोगी आहे. उंदराच्या शरीरात ते प्रभावी ठरे, परंतु काचेच्या नळीत जंतूंवर त्याचा काहीच परिणाम होत नसे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी त्याच वर्षी याचा उलगडा केला. शरीरात प्रोंटोसिलचे विघटन होऊन सल्फानिलामाइड हे द्रव्य बाहेर पडते आणि तेच जंतूंना रोखते. सल्फानिलामाइडला रंग नाही. गुण रंगाचा नव्हता, रंगाच्या पोटातील रंगहीन भागाचा होता.

जीवाणूंनी स्वतः बनविलेल्या रंगांचीही अशी उदाहरणे आहेत. जखमेतील पू निळा-हिरवा करणाऱ्या ‘स्यूडोमोनास एरुजिनोसा’ या जंतूपासून १८९९ च्या सुमारास जर्मनीत ‘पायोसायनेज’ हा अर्क तयार करून रुग्णांवर वापरण्यात आला. म्हणजे पेनिसिलिनच्या कितीतरी आधी जीवाणूपासून मिळविलेले औषध वापरात आले होते, परंतु त्याचा गुण अनिश्चित असल्याने ते मागे पडले. सेलमन वाक्समन व बॉइड वुड्रफ यांनी १९४० मध्ये मातीतील जीवाणूपासून ‘अ‍ॅक्टिनोमायसिन’ हे नारिंगी-तांबडे द्रव्य मिळविले. ते जंतूंना मारीत होते, पण माणसासाठीही इतके विषारी होते, की प्रतिजैविक म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. पुढे त्याच्या एका प्रकाराला कर्करोगावरील औषध म्हणून स्थान मिळाले.

तापमानाचा आणि रंगाचा संबंधही साधा नाही. ‘सेराशिया मार्सेसेन्स’ या जीवाणूचा तांबडा प्रोडिजिओसिन हा रंग प्रसिद्ध आहे. ओल्या खाद्यपदार्थांवर रक्तासारखे डाग पाडणारा हा जीव १८१९ मध्ये इटलीत बार्तोलोमिओ बिझिओ यांनी ओळखला. तो रंग सुमारे ३० अंशांपर्यंत भरपूर तयार होतो आणि ३७ अंशांना जवळजवळ बंद पडतो. वऱ्हाडातील मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत या जीवाणूची वसाहत पांढरीच राहण्याचा संभव अधिक. तापप्रिय जीवाणूंकडे रंगनिर्मितीसाठी लक्ष वळण्याचे एक कारण येथे आहे. त्यांची रंगनिर्मिती उष्णतेतच चालते.

थर्मोरुबिनचा धडा

तापप्रिय जीवाणूचे रंगद्रव्य खरोखर प्रतिजैविक असू शकते का, याला ‘थर्मोरुबिन’ हे उत्तम उत्तर आहे. इटलीतील संशोधकांनी १९६४ मध्ये थर्मोअ‍ॅक्टिनोमायसिस गणातील एका तापप्रिय जीवाणूपासून हे नारिंगी-तांबडे द्रव्य वेगळे केले. ते अनेक प्रकारच्या जीवाणूंची वाढ थांबविते.

ते कसे काम करते, हे उलगडायला अर्धे शतक जावे लागले. पेशीत प्रथिने बनविण्याचे काम रायबोसोम करतात. लहान व मोठा अशा दोन भागांचे मिळून हे यंत्र बनते. थर्मोरुबिन या दोन भागांना जोडणाऱ्या एका दुव्यापाशी बसते आणि प्रथिननिर्मितीत अडथळा आणते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. ते करणाऱ्या गटात २००९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी थॉमस स्टाइट्झ होते. त्याच पारितोषिकाचे दुसरे मानकरी, तमिळनाडूतील चिदंबरम येथे जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन यांनी रायबोसोमच्या लहान भागाची रचना उलगडली, ती थर्मस थर्मोफिलसच्याच रायबोसोमवरून. तापप्रिय जीवांची ही यंत्रे अधिक टणक असल्याने त्यांचे स्फटिक बनविणे तुलनेने सोपे जाते.

इतके असूनही थर्मोरुबिन हे औषध बनले नाही. ते पाण्यात नीट विरघळत नाही, ही त्यातील एक मोठी अडचण आहे. काचेच्या बशीत उत्तम काम करणारे द्रव्य रुग्णाच्या रक्तातून योग्य जागी, योग्य प्रमाणात पोहोचेलच असे नाही. थर्मोरुबिनमुळे दोन गोष्टी स्पष्ट होतात. या दिशेने शोध घेण्यात तथ्य आहे, आणि शोधापासून औषधापर्यंतचा पल्ला फार लांबचा आहे.

आपल्या परिसरातील उष्ण ठिकाणे

असे जीवाणू शोधण्यासाठी अमेरिका वा जपान गाठण्याची गरज नाही. अमरावतीपासून सुमारे साठ किलोमीटरवर, मोर्शी तालुक्यात मध्य प्रदेशच्या सीमेला लागून सालबर्डी आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेल्या या सातपुड्यातील स्थानी उष्ण पाण्याचे झरे आहेत. यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेजवळ, नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात उनकेश्वर आहे. जळगाव जिल्ह्यात उनपदेव, तर कोकणपट्टीत वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे, राजापूरजवळील उन्हाळे अशी झऱ्यांची रांगच आहे. ‘ऊन’ म्हणजे गरम या अर्थाचा शब्द यांतील कित्येक गावांच्या नावांत टिकून आहे.

हे झरे ज्वालामुखीमुळे तापलेले नाहीत. पावसाचे पाणी खडकातील भेगांतून खोलवर मुरते, पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. महाराष्ट्रातील झऱ्यांचे तापमान साधारण ३५ ते ७० अंशांच्या दरम्यान आढळते. उनकेश्वरच्या पाण्यातील जीवाणूंचा जनुकीय आढावा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. अशा आढाव्यात पाण्यातील एकूण जनुकीय द्रव्य वाचले जाते. त्यामुळे कोणकोणते जीव आहेत याची यादी मिळते, पण ते जीव हातात येत नाहीत. त्यांना वेगळे करून वाढविणे हे स्वतंत्र व चिकाटीचे काम असते.

झऱ्यावर जाणे शक्य नसेल, तर शेतातला उकिरडा आहेच. हिवाळ्यातील पहाटे शेणखताचा ढीग उकरला की त्यातून वाफा निघतात. हा ताप सूक्ष्मजीवांच्याच कामाचा असतो. चांगल्या रचलेल्या कंपोस्टच्या ढिगात मध्यभागी तापमान ६० अंशांच्या पुढे जाते. ज्या गटातून थर्मोरुबिन मिळाले, त्या थर्मोअ‍ॅक्टिनोमायसिस गटातील जीवाणू अशा खतात आणि ओलसर राहून तापलेल्या गवताच्या गंजीत नेहमी आढळतात. मात्र त्यांचे बीजाणू वारंवार श्वासावाटे आत गेल्यास ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ या नावाने ओळखला जाणारा विकार जडू शकतो. म्हणून नमुने घेताना नाकातोंडावर पट्टी बांधणे आवश्यक आहे.

बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचा उल्लेख येथे टाळता येणार नाही. जून २०२० मध्ये या सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर गाजली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुन्यांची तपासणी केल्यावर हा रंग मीठप्रिय आर्किया गटातील सूक्ष्मजीवांचा असल्याचे आढळले. उन्हाळ्यात पाणी आटून क्षारता वाढली आणि या जीवांची संख्या वाढली. पावसाळ्यात पाणी वाढल्यावर रंग ओसरला. लोणारचे हे जीव तापप्रिय नव्हेत, ते क्षारप्रिय आहेत. तथापि, बिकट परिस्थितीत तग धरण्यासाठी सूक्ष्मजीव रंगाचा आश्रय घेतात, हे तत्त्व वऱ्हाडाने आपल्या दारात पाहिले.

प्रयोग कसा केला जातो?

झऱ्याचे पाणी, काठावरील चिखल किंवा दगडांवरचा रंगीत थर निर्जंतुक बाटलीत घेतला जातो. पाण्याचे तापमान व सामू जागेवरच मोजून नोंदविला जातो. प्रयोगशाळेत पोषक द्रव्ये घातलेल्या अगरच्या बशीवर नमुना पसरून ती ५५ ते ६५ अंशांच्या उष्मायन कपाटात ठेवतात. येथे पहिली व्यावहारिक अडचण येते. या तापमानाला अगर झपाट्याने सुकते. म्हणून बशा ओलसर डब्यात वा पिशवीत ठेवाव्या लागतात. त्याहून अधिक तापमानासाठी अगरऐवजी जेलन हा दुसरा डिंकासारखा पदार्थ वापरतात.

दोन-तीन दिवसांत वसाहती दिसू लागतात. त्यांपैकी रंगीत वसाहती निवडून पुनःपुन्हा पसरवून शुद्ध केल्या जातात. जनुकीय चाचणीने जीवाणूची ओळख पटविली जाते. नंतर द्रवमाध्यमात त्याची भरपूर वाढ करून पेशी वेगळ्या काढतात आणि मिथेनॉल किंवा अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकात रंग उतरवून घेतात. या अर्कातून कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषला जातो, हे वर्णपटमापकावर पाहिले, की रंगद्रव्य कोणत्या वर्गातील असावे याचा अंदाज येतो. कॅरोटिनॉइड द्रव्ये साधारणतः ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात तीन शिखरांची ठळक खूण दाखवितात.

शेवटी जंतुरोधक चाचणी होते. रोगजंतू पसरलेल्या अगरमध्ये लहान खळगे पाडून त्यांत अर्क भरतात, किंवा अर्कात भिजविलेली कागदी चकती ठेवतात. अर्कात काही गुण असेल, तर खळग्याभोवती जंतू वाढत नाहीत आणि तेथे एक स्वच्छ वर्तुळ दिसते.

स्वच्छ वर्तुळाचा अर्थ

हे वर्तुळ पाहून होणारा आनंद स्वाभाविक आहे. पदव्युत्तर पातळीवरील अनेक प्रकल्प या वर्तुळाच्या व्यासाची नोंद करून संपतात. वास्तविक खरे प्रश्न तेथून सुरू होतात.

पहिला प्रश्न असा, की हे वर्तुळ रंगाचे की द्रावकाचे? मिथेनॉल व अ‍ॅसिटोन स्वतःच जंतूंना अपाय करू शकतात. म्हणून नुसत्या द्रावकाचा खळगा त्याच बशीत ठेवलाच पाहिजे. दुसरा प्रश्न शुद्धतेचा. कच्च्या अर्कात रंगासोबत मेदाम्ले, प्रथिनांचे तुकडे व इतर द्रव्ये असतात. त्यांतील एखाद्या रंगहीन द्रव्याचा गुण रंगाच्या नावावर जमा होण्याची भीती असते. प्रोंटोसिलचा अनुभव येथे आठवावा. शुद्ध केलेली कॅरोटिनॉइड द्रव्ये बहुधा सौम्य ते मध्यम जंतुरोधक ठरतात. म्हणूनच अर्काचे घटक वेगळे करून प्रत्येकाची चाचणी घेणे अपरिहार्य आहे.

तिसरा प्रश्न मापनाचा. वर्तुळाचा व्यास हा द्रव्य अगरमधून किती सहज पसरते यावरही अवलंबून असतो. पाण्यात न विरघळणारे रंगद्रव्य गुणकारी असूनही लहान वर्तुळ दाखवील. त्यामुळे जंतूची वाढ थांबविण्यास किमान किती मात्रा लागते, हे मोजावे लागते आणि प्रचलित औषधाशी त्याची तुलना करावी लागते. अनेक मिलिग्रॅमला काम करणारे द्रव्य आणि काही मायक्रोग्रॅमला काम करणारे औषध यांत हजारपटीचा फरक असतो.

चौथा प्रश्न जंतूच्या प्रकाराचा. ग्रॅम-धन जंतूंवर अशा अर्कांचा परिणाम तुलनेने लवकर दिसतो. ग्रॅम-ऋण जंतूंना एक जादा बाह्य आवरण असते आणि ते अनेक द्रव्यांना आत येऊ देत नाही. रुग्णालयांत आज अत्यंत चिंतेचे ठरलेले क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास हे जंतू याच दुसऱ्या गटातील आहेत. पाचवा आणि निर्णायक प्रश्न सुरक्षिततेचा. जे द्रव्य जंतूला मारते, ते आपल्या तांबड्या रक्तपेशींना, यकृताला, मूत्रपिंडाला मारीत नाही ना? अ‍ॅक्टिनोमायसिनचा इतिहास या प्रश्नाची आठवण करून देतो.

या सर्व पायऱ्या ओलांडल्यावरही आर्थिक अडचण उरते. नवीन प्रतिजैविक जपून आणि थोड्याच दिवसांसाठी वापरायचे असते. त्यामुळे त्यातून कंपनीला मिळणारा नफा कमी. अमेरिकेतील ‘अकाओजेन’ या कंपनीचे प्लाझोमायसिन हे प्रतिजैविक २०१८ मध्ये मान्यता पावले आणि पुढच्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. नव्या औषधांची वानवा केवळ शास्त्रज्ञांच्या उणिवेने झालेली नाही.

औषधाखेरीज उपयोग

पोटात घ्यायच्या औषधापेक्षा या रंगांना अन्य क्षेत्रांत लवकर स्थान मिळण्याचा संभव आहे. कापड, सौंदर्यप्रसाधने, जखमेवरील पट्ट्या, खाद्यपदार्थांची वेष्टने यांत रंगासोबत थोडा जंतुरोधक गुणही असेल, तर तो उपयोगी पडतो. कृत्रिम रंगांविषयीची चिंताही या शोधाला बळ देते. कापसाच्या गोड म्हातारीच्या केसांत ऱ्होडामाइन-बी हा अखाद्य रंग आढळल्यावर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने त्या मिठाईच्या विक्रीवर बंदी घातली, तर कर्नाटकाने तीत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली.

सूक्ष्मजीवांपासून रंग बनविण्याचा उद्योग नवा नाही. पिवळे रायबोफ्लेविन, म्हणजे ‘ब-२’ जीवनसत्त्व, ‘अ‍ॅशबिया गॉसिपाय’ या बुरशीपासून मोठ्या प्रमाणावर तयार केले जाते. ही बुरशी मुळात कपाशीच्या बोंडांवरील रोगकारक म्हणून ओळखली गेली. कपाशीच्या मुलखातील वाचकांना ही गोष्ट कुतूहलाची वाटावी. मेळघाटात होळीसाठी पळसफुलांचा रंग काढणाऱ्यांना आणि करडईच्या पाकळ्यांचा रंग जाणणाऱ्यांना नैसर्गिक रंगाचे मोल वेगळे सांगायला नको.

तापप्रिय जीवाणू उद्योगाच्या दृष्टीने सोयीचेही आहेत. ६० अंशांना चालणाऱ्या टाकीत हवेतील सामान्य जंतू वाढू शकत नाहीत आणि ती थंड ठेवण्याचा खर्चही कमी होतो. उलट बाजूस पाण्याची वाफ अधिक होते, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि थर्मससारख्या जीवाणूंचे पेशीउत्पादन तुटपुंजे असते. शिवाय जीवाणू उष्णता सोसतो म्हणून त्याचा रंगही टिकाऊ असतो, असे नाही. कॅरोटिनॉइड द्रव्ये प्रकाश व हवेने उडतात. उन्हात कपडा फिका पडणार नाही, हे प्रत्येक रंगाबाबत स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.

जतन आणि हक्क

यलोस्टोनच्या जीवाणूतील विकरावर उभ्या राहिलेल्या पीसीआर तंत्राचे हक्क १९९१ मध्ये ‘हॉफमन-ला रोश’ या कंपनीने सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतले. त्या उद्यानाला यातून काही मिळाले नाही. या अनुभवानंतर जैविक संपत्तीच्या लाभात मूळ स्थानाचा वाटा असावा, हा विचार बळावला. भारतात २००२ च्या जैविक विविधता कायद्याने त्याची तरतूद केली. चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण, नागपूर येथे महाराष्ट्राचे राज्य मंडळ आणि गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या अशी त्याची रचना आहे. सालबर्डी वा उनकेश्वरच्या झऱ्यातून उद्या एखादा मोलाचा जीवाणू निघाला, तर त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न म्हणून केवळ पुस्तकी नाही.

त्याआधी तो जीवाणू टिकला पाहिजे. अनेक प्रकल्पांत वेगळा केलेला जीवाणू विद्यार्थी उत्तीर्ण झाल्यावर शीतपेटीत पडून राहतो आणि एखाद्या उन्हाळ्यात वीज गेल्यावर नाहीसा होतो. तो पुन्हा त्याच झऱ्यात मिळेल याची शाश्वती नसते. पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संग्रह अशा सोयी आहेत. तेथे नमुना जमा केल्यास तो दीर्घकाळ सुरक्षित राहतो आणि दुसऱ्या संशोधकाला तोच प्रयोग पडताळून पाहता येतो. उष्ण झऱ्यांभोवती होणारे सिमेंटचे बांधकाम, साबण आणि निर्माल्य यांमुळे मूळ अधिवासच बदलत असेल, तर हे काम अधिकच तातडीचे ठरते.

झऱ्यात स्नान करणाऱ्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. त्या पाण्यातील जीवाणूंवर संशोधन होते, याचा अर्थ ते पाणी औषध आहे असा होत नाही. त्वचाविकार वा उघडी जखम असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोमट, साचलेल्या पाण्यात क्वचित आढळणारा ‘नेग्लेरिया’ हा अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून प्राणघातक ठरू शकतो. म्हणून अशा कुंडात डोके बुडविणे टाळलेले बरे.

संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांच्या परिसरात लोणारसारखे क्षारयुक्त सरोवर, सालबर्डीचे उष्ण झरे आणि गावोगावचे खताचे ढीग आहेत. येथील तरुण संशोधकांना विषयासाठी दूर जावे लागत नाही. मात्र चकतीभोवतीच्या वर्तुळावर न थांबता नमुना जतन करणे, रंग शुद्ध करणे, किमान मात्रा मोजणे आणि मानवी पेशींवरील परिणाम तपासणे, इतके काम महाविद्यालयांनी मोठ्या संस्थांच्या सहकार्याने पूर्ण केले, तरच त्या नोंदींचा पुढे कोणाला उपयोग होईल. नवीन औषध मिळेपर्यंत, असलेली औषधे टिकविणे आपल्याच हाती आहे. डॉक्टरांनी सांगितल्याविना प्रतिजैविक न घेणे आणि घेतलेला क्रम त्यांच्या सल्ल्याप्रमाणे पुरा करणे, एवढेच पाकिटावरील ती तांबडी रेघ सुचविते.